मदत हवी आहे: ट्यूबा आणि माउथपीस कसा निवडावा?

खर्जप्रेमी
नमस्कार. तीन आठवड्यांत निर्णय घ्यायचा आहे, म्हणून थेट विचारतो. बँडने वाजवायला दिलेला जुना ट्यूबा (खर्जाचे मोठे पितळी वाद्य) परत करून मी स्वतःचा घेणार आहे. सध्याच्या वाद्यावर खालचे स्वर फुटतात, वरचे बारीक होतात आणि अर्ध्या तासात ओठ बधिर होतात. मागच्या महिन्यात एक नावाजलेला माउथपीस (ओठ लावून फुंकायचा सुटा भाग) मागवला, त्याने तर सगळे आणखीच बिघडले. ज्या वाजवण्याची आठवडाभर वाट पाहायचो, त्याचाच आता ताण येऊ लागला आहे. चांगल्या प्रतीचा ट्यूबा आणि त्याला साजेसा माउथपीस कोणता, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पितळी_नळी
तुमचा ट्यूबा कोणत्या स्वराचा आहे, त्याला व्हॉल्व्ह (नळीची लांबी वाढवणाऱ्या दाबायच्या कळा) किती आहेत आणि तुम्ही कोणत्या देशात, कोणत्या प्रकारच्या बँडमध्ये वाजवता, हे कळल्याशिवाय उत्तर देणे कठीण आहे. ट्यूबा हे एकच वाद्य नाही. बी-फ्लॅट, सी, ई-फ्लॅट आणि एफ असे त्याचे चार मुख्य प्रकार आहेत. बी-फ्लॅटची नळी उलगडली तर सुमारे 18 फूट भरते आणि एफची सुमारे 12 फूट. माउथपीस कोणता घेतलात, तेही लिहा.

माजी_बँडमन
मी पोलीस बँडमध्ये 22 वर्षे खर्ज सांभाळला आहे. माझे ऐकाल तर सूझाफोन, म्हणजे अंगाभोवती घालून वाजवायचा ट्यूबा, घ्या. वजन खांद्यावर येते, बेल (वाद्याचे रुंद तोंड) समोर असते आणि मिरवणुकीत शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोहोचतो. मेरठच्या जली कोठी भागात पितळी वाद्ये बनवणारे कारागीर आहेत. माझ्या वाद्याचा सांधा सुटला तेव्हा तिथल्या एका कारागिराने तो माझ्यासमोर झाळून दिला होता. दुरुस्ती करणारा हात जवळ असणे हीसुद्धा वाद्याची प्रतच समजावी.

शिकागोकर
सूझाफोन कवायतीसाठी ठीक आहे, पण बसून वाजवायचे असेल तर सी ट्यूबा आणि हेलबर्ग पद्धतीचा नरसाळ्यासारखा खोल माउथपीस यांना पर्याय नाही. आमच्या शिकागो सिंफनी वाद्यवृंदात 1944 ते 1988 या काळात आर्नल्ड जेकब्ज यांनी यॉर्क कंपनीच्या सी ट्यूबावर जो नाद उभा केला, तो ध्वनिमुद्रणांतून एकदा तरी ऐका. अमेरिकेतले वाद्यवृंद सी का निवडतात, ते आपोआप कळेल.

खर्जप्रेमी
क्षमस्व, इथे सगळ्यांकडे हेच असते म्हणून लिहिले नाही. मी इंग्लंडमध्ये, हडर्सफील्डजवळच्या एका गावाच्या ब्रास बँडमध्ये वाजवतो. वाद्य ई-फ्लॅट, तीन व्हॉल्व्हचे आणि बरेच जुने आहे. माउथपीस शिकागोकर म्हणतात त्याच घडणीचा आहे. सेकंडहँड चालेल, 2500 पौंडांपर्यंत.

पितळी_नळी
मग सी ट्यूबाचा विषय इथेच थांबवू या. ब्रिटिश ब्रास बँडमध्ये ई-फ्लॅट आणि बी-फ्लॅट बेसच (तिथे ट्यूबाला बेस म्हणतात) लागतात आणि त्यांची स्वरलिपीही ट्रेबल क्लेफमध्ये, म्हणजे उंच स्वरांच्या वाद्यांसाठी असते त्या खुणेने, लिहिलेली असते.

शिकागोकर
लिपी बदलून वाचता येते. मी नादाबद्दल बोलतो आहे.

पितळी_नळी
दिवसभराचे काम आटोपून तालमीला येणाऱ्या माणसाने प्रत्येक ओळ मनात बदलून का वाचावी? ट्रेबल क्लेफमुळेच तर कॉर्नेट (ट्रम्पेटसारखे छोटे वाद्य) वाजवणारा तीच बोटे घेऊन बेसवर जाऊ शकतो. खर्जप्रेमी, एक काम करा. माउथपीस बसवा, तो जिथे अडतो तिथे त्याच्या दांड्यावर पेन्सिलने खूण करा आणि आत किती जातो ते मोजा.

सांजवारा
लॅकर (पितळेवरचा पारदर्शक लेप) असलेले वाद्य कधीही पॉलिशने घासू नका. कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरेसा आहे. स्लाइडला (ओढून सरकवता येणाऱ्या नळीला) ग्रीस आणि व्हॉल्व्हला तेल, यांची अदलाबदल होऊ देऊ नका.

खर्जप्रेमी
मोजले. जेमतेम 8 मिलिमीटर आत जातो आणि बोटाने हलवला तर डुलतो. इतके दिवस मी दोष माझ्या ओठांना देत होतो. मी मागच्या वर्षापर्यंत कॉर्नेट वाजवत होतो, हेही सांगायचे राहिले.

पितळी_नळी
दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. अनेक जुन्या इंग्लिश ई-फ्लॅट ट्यूबांचे रिसिव्हर (माउथपीस जिथे बसतो ती नळी) अरुंद असतात. तुमच्या माउथपीसचा शँक (दांडा) अमेरिकी मापाचा, म्हणजे जाड असणार. तो साधारण एक इंच आत जाऊन घट्ट बसला पाहिजे. तसा तो बसत नसेल, तर उत्तम कपाचाही (ओठ टेकतात त्या वाटीचाही) उपयोग नाही. म्हणून आधी ट्यूबा ठरवा आणि मग त्याच्या रिसिव्हरच्या मापाचा माउथपीस घ्या. डेनिस विक यांच्या माउथपीसमध्ये आकड्यापुढे एल हे अक्षर असेल, तर तो मोठ्या शँकचा असतो.

ट्यूबा मात्र चार व्हॉल्व्हचा आणि कॉम्पेन्सेटिंगच, म्हणजे नळीची तूट आपोआप भरून काढणारा, घ्या. तीन व्हॉल्व्हच्या वाद्यावर पहिला, दुसरा आणि तिसरा एकत्र दाबले की स्वर चढा लागतो, कारण तिघांच्या नळ्यांची बेरीज लागणाऱ्या लांबीपेक्षा कमी पडते. इंग्लंडमधले वाद्यरचनाकार ब्लेकली यांनी 1874 मध्ये जी रचना केली, तीत चौथा व्हॉल्व्ह दाबल्यावर हवा पुन्हा पहिल्या तिघांतून फिरते आणि छोट्या जादा नळ्या ही तूट भरून काढतात.

वापरलेले वाद्य पाहताना व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड ओढून धरा, थोडे थांबा आणि मग व्हॉल्व्ह दाबा. स्पष्ट 'फट्' आवाज आला, तर तिथे हवा गळत नाही. चारही व्हॉल्व्हवर हे करा. सोबत ट्यूनर न्या, पण काटा पाहत वाजवू नका. आधी स्वर मोकळा लावा, मग काटा पाहा.

माजी_बँडमन
पितळी_नळी यांचे म्हणणे मान्य आहे. खर्जप्रेमींना बसून वाजवायचे आहे, तर सूझाफोनचा आग्रह सोडतो. पण कॉर्नेटच्या सवयीचा मुद्दा राहूनच गेला. ट्यूबाच्या कपाचा व्यास 32 मिलिमीटरच्या आसपास असतो, कॉर्नेटच्या जवळजवळ दुप्पट. तिथला दाब इथे दिला, तर ओठ बधिर होणारच. फुंक जोराची नको, रुंद आणि संथ हवी. बसल्यावर माउथपीस आपोआप ओठांशी आला पाहिजे. तुम्हाला मान वर करावी लागते का?

खर्जप्रेमी
हो, दोन इंच तरी वर करावी लागते. आज घडी घातलेला टॉवेल खुर्चीवर ठेवून वाद्याऐवजी स्वतः उंच बसलो आणि शेजारच्या वादकाचा अरुंद शँकचा माउथपीस लावला. तो पूर्ण आत बसला. तीन व्हॉल्व्ह दाबून येणारा खालचा स्वर अजून चढाच लागतो, पण फुटला नाही. शनिवारी चार व्हॉल्व्हचे एक जुने कॉम्पेन्सेटिंग वाद्य पाहायला जातो आहे. स्लाइडची परीक्षा करून इथे लिहितो.