शब्दचर्चा : ‘दीर्घायुषी’ कण, पण आयुष्य किती?

शाईडाग : एका लेखाचं भाषांतर तपासतेय. विषय : जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटर परिघाच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये प्रोटॉन एकमेकांवर आदळवून ‘लाँग-लिव्ह्ड’ सुपरसिमेट्रिक कण शोधणं. (सुपरसिमेट्री म्हणजे प्रत्येक ज्ञात मूलकणाला एक जोडीदार कण असावा, असं मांडणारा सिद्धान्त.) भाषांतरकाराने लिहिलंय ‘दीर्घायुषी अतिसममित कण’. ‘अतिसममित’वर माझी हरकत नाही, ‘सुपरकंडक्टर’साठी ‘अतिसंवाहक’ आपल्याकडे रुळलेलाच आहे. ‘महासममिती’ मात्र निवडणुकीतली युती वाटते. अडलंय ते ‘दीर्घायुषी’पाशी. वाचलं की औक्षणाचं तबक दिसतं, आणि इथे आयुष्य नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागांत! दुसरा शब्द आहे का?

चौकस : ‘अर्धायुष्य’ चालतं ना? मग ‘दीर्घायुषी’ने काय घोडं मारलंय? ‘दीर्घजीवी’ नको, त्यात उगाच जीव येतो.

खटपट्या : नॅनोसेकंदाला हसू नका. प्रकाश तेवढ्यात ३० सेंटिमीटर जातो. हिग्ज बोसॉनचं अपेक्षित आयुष्य सेकंदांत लिहायचं तर दशांशचिन्हानंतर एकवीस शून्यं लागतात. तो अणूची रुंदीही ओलांडत नाही. त्याच्या शेजारी नॅनोसेकंद म्हणजे शंभरी गाठल्यासारखंच. उलट म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ, २.२ मायक्रोसेकंद, म्हणजे याहून कितीतरी जास्त जगतो, पण तो बहुतेक वेळा शोधकयंत्राबाहेर निघून जातो, म्हणून तिथे तो जवळपास स्थिरच धरतात. थोडक्यात, ‘दीर्घ’ घड्याळावर नाही, यंत्रातल्या अंतरावर ठरतं. जन्मल्या जागेपासून दिसण्याइतका दूर जाऊन यंत्रातच फुटला, तर दीर्घायुषी.

शाईडाग : मग ‘रेंगाळणारे कण’?

खटपट्या : बोलताना छान, पण हे प्रकाशाच्या जवळपास वेगानेही पळू शकतात. रेंगाळतो तो हळू चालणारा. एक प्रकार मात्र खरंच मुक्कामाला राहील असा अंदाज आहे : ग्लुइनो या अतिसममित कणापासून बनलेला जड कण यंत्राच्या धातूत अडकून बसेल आणि नंतर कधीतरी फुटेल. म्हणून सीएमएस या तिथल्या शोधकयंत्रावर काम करणाऱ्यांनी टकरी होत नसतानाच्या वेळाही तपासल्या.

शाईडाग : पुढे ‘विस्थापित शिरोबिंदू’ आहे. मला धरणग्रस्त आठवले.

चौकस : तो कण जिथे फुटतो आणि नवे मार्ग निघतात तीच जागा ना? ‘दूरचा फाटा’ म्हणा. टक्कर झाली गावात, फाटा लागला पुढे.

खटपट्या : फाटा झकास! आणि ‘डिसअपिअरिंग ट्रॅक’ला ‘तुटलेला माग’. सिद्धान्ताच्या एका रूपात चार्जिनो हा विद्युतभार असलेला अतिसममित कण सुमारे ०.२ नॅनोसेकंद जगतो, म्हणजे साधारण ६ सेंटिमीटर. मग त्याचा न्यूट्रलिनो हा भाररहित अतिसममित कण होतो, जो दिसत नाही, आणि एक पायॉन नावाचा हलका कण, इतका मंद की सहसा हाती लागत नाही. आतल्या थरांत ठसे, पुढे काहीच नाही. नदीकाठी माग तुटावा तसं.

शाईडाग : दोन्ही घेतले. ‘दीर्घायुषी’ ठेवते आणि पहिल्यांदा येईल तिथे अंतराचं एक वाक्य घालते.

चौकस : भाषांतरात क्रियापद काय आहे?

शाईडाग : ‘हे कण टकरींतून बाहेर पडतात.’

खटपट्या : ते आधी बदला! अजून एकही सापडलेला नाही.

शाईडाग : अरे देवा. ‘बाहेर पडत असतील तर’. विशेषणात अडकले आणि हे नजरेतून सुटलंच होतं.