मराठी मॅन्युअलला शेवटी शब्दसूची लागते का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. नव्या रेपिअर (बिनधोट्याच्या) मागांचं इंग्रजी मॅन्युअल मराठीत आणायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. १६४ पानं झाली. पुढे तीन पानी अनुक्रमणिका आहे. मागे शब्दसूची (कुठला शब्द कुठल्या पानावर, ती यादी) द्यावी असं मला वाटतं, तर मालक म्हणतात, "अनुक्रमणिका आहे की! अजून सात-आठ पानं कशाला वाढवता?"

परवा रात्रपाळीला एका मागावर टॉवेलचे लूप (वर उभे राहणारे धाग्याचे फासे) बारीक यायला लागले. जॉबर (माग लावणारा-दुरुस्त करणारा) वीस वर्षांचा मुरलेला, पण हा माग त्याला नवा. कच्ची प्रत घेऊन बसला आणि रात्री सव्वादोनला मला फोन. "साहेब, यात लूप कुठाय?" अनुक्रमणिकेत 'लूप' नव्हताच. उत्तर पान ८७ वर, 'पाइल बीम लेट-ऑफ' या मथळ्याखाली. (टॉवेलच्या मागाला दोन बीम, म्हणजे धागा गुंडाळलेले रूळ. एक पोताचा, एक लुपांचा. लुपांच्या बीमचा ताण वाढला की लूप आखडतात.) म्हणजे मी मशीनच्या भागांची नावं लिहीत बसलो आणि त्याला दिसत होता टॉवेल.

पीडीएफमध्ये शोधा म्हणाल तर तीही बोंब. निम्मा मजकूर डीटीपीवाल्यानं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात केलाय, त्यात 'लूप' टाकून काहीच सापडत नाही. आणि मागापाशी तेलकट हातानं मोबाईल कोण धरणार?

तर विचारायचं हे की सूची करायचीच झाली, तर शब्द कुठले घ्यायचे? 'शटल' म्हणायचं की 'धोटा' असला प्रश्न इथं नाही, रेपिअरला धोटाच नसतो. पण 'वेफ्ट', 'बाणा' आणि 'आडवा धागा' तिन्ही चालतात. आणि क्रम कसा लावायचा? संगणक 'ळ' ला 'ल' च्या लगेच नंतर बसवतो, 'क्ष' ला 'क' मध्ये. शाळेत तर दोन्ही 'ह' च्या नंतर शिकलो.

प्रतिसाद १
पानं मोजून ठरवू नका. दोन जॉबरांना प्रत द्या, नेहमीचे दहा बिघाड सांगा आणि गप्प बसून बघा. अनुक्रमणिकेवरून पटापट पान काढलं तर सूची नको. शब्द तिन्ही घ्या. एकापुढे पान द्या, बाकी दोघांपुढे 'पाहा' लिहा. बिघाडाचे शब्द आधी: 'लूप बारीक', 'धागा तुटतो'. 'क्ष' 'क' मध्येच राहू द्या, फक्त पहिल्या पानावर तसं सांगा.
वर्डमध्ये शब्द निवडून ऑल्ट-शिफ्ट-एक्स दाबा, म्हणजे पानं सरकली तरी सूची नव्यानं काढता येते. हातानं आकडे टाकलेत तर पुढच्या आवृत्तीला रडाल. अर्थात आधी तो निम्मा मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागेल.

धागाकर्ता
आज पहिल्या पाळीला करून बघितलं. दहापैकी चार सापडले, तेही एकाला. मालक शेजारीच उभे होते. "चार पानांत बसवा" म्हणाले.