हुर्यो की हुर्रे? (हान्स मोलमनचं वाक्य मराठीत)

सिम्पसन्स या अमेरिकन कार्टून मालिकेतला हान्स मोलमन आठवतो का कुणाला, जाड भिंगांचा चष्मा, काठी, सुरकुतलेला चेहरा, १९९१ पासून मागे कुठेतरी दिसतो आणि मधेच एखादं वाक्य बोलून जातो. १९९५ च्या फिल्म फेस्टिव्हलवाल्या एपिसोडमध्ये अणुवीज केंद्राचा मालक बर्न्स स्वतःवरच काढलेला सिनेमा दाखवतो, लोक 'बू' करतात (नापसंती दाखवायला ओरडतात तसं), तर त्याचा सेक्रेटरी स्मिदर्स म्हणतो साहेब ते 'बू' नाही, 'बू-अर्न्स' म्हणतायत, म्हणजे तुमचंच नाव घेतायत. बर्न्स लोकांनाच विचारतो, सगळे परत 'बू'. ते थांबल्यावर एकटा मोलमन हळूच सांगतो, मी 'बू-अर्न्स' म्हणत होतो. भाचीला मराठीत सांगायला गेले आणि 'बू'पाशीच अडकले. काय म्हणाल?

—

ताई, हुर्यो! हुर्यो उडवणे म्हणजे तेच की. आणि गंमत बघा, हुर्यो आणि हुर्रे, एक टर उडवायला, एक आनंदाला, पण गोंगाटात ऐकू येतात जवळपास सारखेच. म्हणजे स्मिदर्स म्हणेल, 'साहेब, हुर्यो नाही, हुर्रे म्हणतायत', आणि शेवटी मोलमन, 'मी हुर्रेच म्हणत होतो'. बर्न्सचं नाव त्यात येत नाही ते मात्र गेलं.

—

पण हुर्यो आपण 'उडवतो', तोंडाने तसं ओरडतं का कोणी?

—

ओरडतात हो, आमच्या शाळेत कबड्डीत कोणी बाद झाला की अख्खं मैदान 'हुर्योऽऽ' करायचं, शेवटचा ओ लांबवून. तो ओ लांबला की हुर्रे वाटणं अवघड, म्हणून स्मिदर्सची थाप जास्तच केविलवाणी होते आणि मला ते आवडलं.

—

वा, हुर्यो घेतलं! अजून एक, मोलमनला एक्स्ट्रा म्हणायचं का?

—

एक्स्ट्रा नको ताई, तो शब्द गर्दीत उभं राहणाऱ्या नटाचा, पात्राचा नाही, आणि मोलमनला आवाज आहे डॅन कॅस्टेलानेटाचा, जो मालिकेतल्या मुख्य पात्राचा, होमरचाही आवाज आहे, म्हणजे नट तर पहिल्या फळीतला. गौण पात्र बरोबर आहे पण परीक्षेतल्या उत्तरासारखं वाटतं. मी 'गर्दीतला' म्हणेन. १९९३ च्या एका भागात तो म्हणतो दारूने आयुष्याची वाट लावली, मी ३१ वर्षांचा आहे, आणि दिसतो नव्वदीचा. अशा माणसाला किरकोळ म्हणवत नाही मला.

—

गर्दीतला छान आहे. भाचीला आज रात्री हुर्रेवालं सांगते.