न्यू जर्सीचं फिशिंग लायसन्स डेलावेअर नदीच्या पलीकडच्या काठावर चालतं का?

जर्सीकर: शनिवारी न्यू जर्सीच्या काठावरच्या लॅम्बर्टव्हिलपाशी शॅड मासे धरायला जायचंय. माझं लायसन्स न्यू जर्सीचं, मित्राचं पेन्सिल्व्हेनियाचं. बोट त्याची, म्हणजे सुटणार पलीकडून, पेन्सिल्व्हेनियातल्या न्यू होपच्या काठावरून. दोघांनाही दोन्ही राज्यांची लायसन्स काढावी लागतील का? शिवाय बाबा भारतातून आलेत, वय 72. सत्तरीपुढे लायसन्स माफ असं वाचलं, बरोबर ना?

ईस्टनवाला: सीमा नदीच्या मधोमध आहे. पलीकडे गेलात की पलीकडचं लायसन्स. उगाच दंड कशाला भरता?

गळकरी: नाही हो ईस्टनवाले. डेलावेअरच्या मुख्य पात्रात, जिथे ही दोन राज्यं समोरासमोर आहेत तिथे, दोन्हीपैकी कुठलंही एक लायसन्स या कडेपासून त्या कडेपर्यंत चालतं. बोट हव्या त्या काठावरून सोडा. वाहत्या पाण्यात ती मधली रेघ शोधणार कोण?

लोक अडकतात ते कालव्यात. लॅम्बर्टव्हिलला गाडी लावून नदीकडे निघालात की आधी डेलावेअर-रॅरिटन कालव्याचा फाटा आडवा येतो. त्यात ट्राउट मासे सोडतात, त्यामुळे हात शिवशिवतात. तिथे तुमच्या मित्राचं लायसन्स कामाचं नाही. न्यू होपच्या बाजूला डेलावेअर कालवा, तिथे तुमचं कामाचं नाही. उपनद्यांचंही तेच. ईस्टनला लीहाय येऊन मिळते, तिच्यात शिरलात की सवलत संपली.

मासे किती आणि केवढे ठेवायचे, हे बोट ज्या काठाला परत लागेल त्या राज्याच्या नियमाने. तुम्ही न्यू होपलाच उतरणार, तेव्हा पेन्सिल्व्हेनियाचे नियम वाचून जा.

बाबांना माफी नाही. ती सूट न्यू जर्सीच्या रहिवाशांना. बाहेरच्यांसाठी सात दिवसांचं लायसन्स मिळतं, ते काढा. ‘मी नुसता गळ धरून बसलोय’ हे लायसन्स तपासणाऱ्या कुठल्याच वॉर्डनला पटत नाही.

जर्सीकर: मग सगळीकडेच एकमेकांची लायसन्स का मानत नाहीत?

गळकरी: पैसा, दुसरं काय! बाहेरच्यांकडून जास्त फी मिळते, ती कोण सोडेल? त्यात 1950 च्या डिंगेल-जॉन्सन कायद्यानुसार मासेमारीच्या सामानावरच्या करातून राज्यांना केंद्राचा निधी मिळतो. त्यातले 60 टक्के लायसन्सधारकांच्या संख्येवर वाटतात. त्यामुळे ज्याला त्याला आपला आकडा फुगलेला हवा. सीमेवरच्या पाण्यापुरती तेवढी तडजोड करतात. ग्रीनवुड लेकवर न्यू यॉर्कचं आणि आपलं, दोन्ही चालतात.

ईस्टनवाला: लॅम्बर्टव्हिलच्या खालच्या अंगाला विंग डॅम (काठाकडून पात्रात घुसलेला बांध) आहे, तिकडे बोट वाहू देऊ नका. आणि बाबांना लाइफ जॅकेट घालाच, नको म्हणाले तरी.