बार्सिलोनाहून क्रूझ : आदल्या रात्रीसाठी हॉटेल कोणत्या भागात घ्यावे?

मुग्धा_प्रवासी (प्रश्न)

आमचे जहाज २५ सप्टेंबरला संध्याकाळी बार्सिलोनाहून सुटणार असून मार्सेय, जेनोवा, नापोली ही बंदरे करून ते पुन्हा बार्सिलोनालाच परतणार आहे. सासूबाई आणि सासरे, दोघेही सत्तरी ओलांडलेले, आमचा दहा वर्षांचा मुलगा आणि आम्ही उभयता असे पाच जण आहोत. विमान आखातात बदलून २४ तारखेला दुपारी एल प्रात विमानतळाच्या टर्मिनल १ वर उतरेल, म्हणजे बार्सिलोनात आमच्या हाती एक संध्याकाळ आणि एक रात्र आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे जिने आणि दगडी गल्ल्या शक्यतो टाळायच्या आहेत. पाच जणांच्या मिळून चार मोठ्या बॅगा असतील.

हॉटेले शोधू लागले तेव्हा तीन पर्याय समोर आले : बंदराजवळचे, शहराच्या मध्यभागातले आणि विमानतळालगतचे. स्वाभाविकपणे माझा कल बंदराजवळच्या हॉटेलाकडे आहे, कारण सकाळी उठून जहाज गाठणे त्यामुळे सोपे जाईल असे वाटते. ज्यांनी तेथून क्रूझ केली आहे त्यांनी कृपया सांगावे की हा विचार योग्य आहे का, आणि हॉटेल निवडताना नकाशावरील अंतराखेरीज आणखी काय पाहावे.

नकाशेवाला

बंदराजवळचे हॉटेल घेतल्याने जहाज जवळ येते, हे गृहीतक बार्सिलोनापुरते बाजूला ठेवावे असे मी सुचवेन. पर्यटकांच्या नकाशावर जे बंदर ठळक दिसते ते जुने बंदर, म्हणजे ला राम्ब्ला हा गजबजलेला रस्ता जेथे संपतो आणि कोलंबसाचा १८८८ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी उभारलेला साठ मीटरचा स्तंभ जेथे आहे, तो परिसर. क्रूझची मोठी जहाजे मात्र बहुतांशी आदोसात धक्क्याला लागतात. हा धक्का समुद्राकडच्या लाटरोधक बांधाला लागून लांबवर पसरलेला आहे आणि तेथे जाण्यासाठी पोर्ता दे एउरोपा हा उचलता येणारा पूल ओलांडावा लागतो. स्तंभापासून तेथील टर्मिनले साधारण दोन ते चार किलोमीटरवर आहेत, त्यामुळे स्तंभाशेजारच्या हॉटेलात राहिलात तरी टॅक्सी किंवा बस करावीच लागते. एकदा टॅक्सीत बसल्यावर मध्यभागापासून निघालात की स्तंभापासून, याने थोडीच मिनिटे इकडची तिकडे होतात.

स्तंभापासून चालत जाण्याजोगा दुसरा धक्का आहे तो वर्ल्ड ट्रेड सेंटरचा, आणि त्या संकुलातच एक मोठे हॉटेलही आहे. परंतु २०१८ साली महापालिका आणि बंदर प्राधिकरण यांच्यात झालेल्या करारानुसार क्रूझची वाहतूक शहरापासून दूर, आदोसात धक्क्याकडे हलवली जात आहे. वर्ल्ड ट्रेड सेंटरचे उत्तर टर्मिनल तर ऑक्टोबर २०२३ मध्ये बंदच झाले. म्हणून हॉटेलाच्या जाहिरातीत ‘क्रूझ बंदरापासून पाच मिनिटे’ असे लिहिलेले असेल तर ते अंतर कोणत्या धक्क्यापर्यंतचे आहे हे तपासल्याशिवाय त्यावर पैसे खर्च करू नयेत. तुमच्या टर्मिनलचे नाव क्रूझ कंपनीच्या तिकिटावर किंवा बोर्डिंग पासवर असते आणि बंदर प्राधिकरणाच्या वेळापत्रकातही जहाजागणिक टर्मिनल दिलेले असते. ते आधी पाहावे आणि प्रवासाच्या आठवड्यात पुन्हा एकदा पाहावे.

मंदगती

नकाशेवाला यांच्याशी मी सहमत आहे. ज्येष्ठ मंडळी सोबत असताना आम्ही एशाम्प्ला भागात राहिलो होतो आणि तुम्हालाही तोच भाग सुचवेन. इल्देफोन्स सेर्दा यांच्या १८५९ च्या आराखड्यानुसार वसलेला हा भाग चौकटीदार आहे, रस्ते सपाट आणि पदपथ रुंद आहेत, आणि मुख्य म्हणजे टॅक्सी हॉटेलाच्या दारापर्यंत येते. जुन्या शहरातली गॉथिक वस्ती कितीही देखणी असली तरी तिच्या बऱ्याच गल्ल्यांत वाहने जात नाहीत, आणि चार बॅगा फरसबंदीवरून ओढत शेवटचे दोनशे मीटर चालणे हे दुखऱ्या गुडघ्यांना परवडणारे नाही. माझ्या मते हॉटेलाची सोय दोनच ठिकाणी ठरते : टॅक्सी थांबते तेथून खोलीच्या दारापर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी खोलीच्या दारापासून परत टॅक्सीपर्यंत. मधल्या किलोमीटरांची चिंता टॅक्सीवाला करतो.

एशाम्प्लातही एक गोष्ट जपून पाहावी. तेथील अनेक जुन्या इमारतींत तळमजल्यानंतर आधी ‘एन्त्रेसोल’ आणि मग ‘प्रिन्सिपाल’ असे मजले येतात आणि त्यानंतर पहिला मजला सुरू होतो, म्हणजे ‘पहिला मजला’ असे लिहिलेली खोली आपल्या हिशेबाने तिसऱ्या मजल्यावर असू शकते. लहान हॉटेले आणि ‘ओस्ताल’ या प्रकारातली स्वस्त निवासस्थाने अशा इमारतींच्या एखाद्याच मजल्यावर थाटलेली असतात. लिफ्ट असते, पण काही ठिकाणी ती अरुंद असते आणि तिच्यापर्यंत पोहोचायलाच चार-सहा पायऱ्या चढाव्या लागतात. ‘लिफ्ट आहे’ एवढ्यावर समाधान न मानता रस्त्यापासून लिफ्टपर्यंत एकही पायरी नाही ना, असे हॉटेलाला लेखी विचारावे. आम्ही विचारले, त्यांनी प्रवेशद्वाराचे छायाचित्रच पाठवले आणि प्रश्न मिटला.

विमानतळावरून येण्यासाठी एरोबुस उत्तम आहे. टर्मिनल १ वरून ए१ ही बस सुटते आणि प्लासा एस्पान्या, उर्जेल, विद्यापीठ चौक असे थांबे घेत सुमारे पस्तीस मिनिटांत प्लासा दे कातालुन्याला पोहोचते. मेट्रोची एल९ सूद ही मार्गिका विमानतळापर्यंत येते खरी, परंतु ती मध्यभागात न जाता शहराच्या पश्चिम बाजूने जाते, त्यामुळे वाटेत गाडी बदलावी लागते, आणि विमानतळाच्या स्थानकांना नेहमीचे दहा फेऱ्यांचे तिकीटही चालत नाही. उपनगरी रेल्वे टर्मिनल २ वरून सुटते, म्हणजे तुम्हाला आधी टर्मिनल बदलावे लागेल. या दोन्हींचा विचार सामानासह करू नये.

हलकी_बॅग

वरील दोन्ही उत्तरे ज्येष्ठांच्या दृष्टीने योग्यच आहेत, तरीही स्तंभाजवळचा परिसर इतका निकाली काढू नये असे वाटते. तेथून आदोसात धक्क्याच्या टर्मिनलांकडे क्रूझच्या दिवशी खास बस चालते, जिचे भाडे टॅक्सीच्या तुलनेत किरकोळ असते. द्रासानेस हे एल३ मार्गिकेचे मेट्रो स्थानक शेजारी आहे आणि समुद्रकाठची सपाट फिरण्याची जागा हॉटेलाबाहेर पडताच मिळते. एकच संध्याकाळ हाताशी असलेल्या कुटुंबाला ती मोलाची वाटेल. आणखी एक फायदा बहुतेकांच्या लक्षात येत नाही : बार्सिलोनात रविवारी आणि सणाच्या दिवशी बहुतांश दुकाने बंद असतात, पण जुन्या बंदरातले मारेमान्युम हे व्यापारी संकुल वर्षभर उघडे असते. विमानाने बॅग मागे ठेवली तर दोन कपडे तरी मिळतात.

खिसेकापूंबद्दल ला राम्ब्लाची जी ख्याती आहे ती खोटी नाही, हे मात्र मान्य करतो. पासपोर्ट आणि व्हिसा सोबत घेऊन गर्दीत फिरण्याचे कारण नाही. नोंदणी झाली की ते खोलीच्या तिजोरीत ठेवावेत.

सुकाणू

सगळ्यांनी जागेची चर्चा केली, पण तारखेकडे कोणी पाहिलेले दिसत नाही. २४ सप्टेंबर हा बार्सिलोनाच्या ग्रामदेवतेचा, ला मेर्से हिचा दिवस. त्या दिवशी शहरात सार्वजनिक सुट्टी असते आणि उत्सव त्याच्या आधीपासूनच काही दिवस चालू असतो. मानवी मनोरे, प्रचंड बाहुल्यांच्या मिरवणुका, भुतांच्या वेशात फटाके उडवत धावणारी मंडळी असे कार्यक्रम जुन्या शहरात होतात आणि त्यासाठी रस्ते बंद केले जातात. समारोपाचा संगीत आणि आतषबाजीचा कार्यक्रम प्रथेने मोंजुईक टेकडीच्या पायथ्याशी, प्लासा एस्पान्याला लागून असलेल्या मारिया क्रिस्तिना मार्गावर होतो. एरवी प्लासा एस्पान्या मी डोळे मिटून सुचवला असता, कारण एरोबुसचा तो शहरातला पहिला थांबा आहे आणि तेथून धक्काही जवळ पडतो. त्या संध्याकाळी मात्र तेथे टॅक्सी मिळण्याची आशा धरू नये. गॉथिक वस्ती आणि व्हिया लायेताना मार्गाच्या आसपासही तीच अवस्था असू शकते. एशाम्प्लाचा विद्यापीठ चौक ते पासेज दे ग्रासिया हा पट्टा त्यातल्या त्यात निवांत राहील. महापालिका कार्यक्रमपत्रिका आधी जाहीर करते, ती पाहूनच रस्ता नक्की करावा. उत्सवामुळे हॉटेलांचे दर चढलेले असतील, तेव्हा आरक्षण आजच करावे, पण विनाशुल्क रद्द करता येईल असेच करावे. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला निवासाचा पुरावा लागतोच, त्यासाठीही असे आरक्षण सोयीचे पडते.

याहून महत्त्वाचे असे की विमान बदलून येणाऱ्यांनी केवळ आदल्या दुपारी पोहोचणे मला पुरेसे वाटत नाही. तुम्ही वेळेवर पोहोचाल आणि बॅग पोहोचणार नाही, असे होऊ शकते. हरवलेली बॅग दुसऱ्या दिवशी हॉटेलात येते, तेव्हा तुम्ही धक्क्यावर असता, आणि मग ती बॅग बंदरामागून बंदर तुमचा पाठलाग करत राहते. २३ तारखेला पोहोचण्याची सोय होत असेल तर हॉटेलाच्या भागाची चर्चा निम्म्याने हलकी होईल.

मुग्धा_प्रवासी

सर्वांची आभारी आहे. ला मेर्सेबद्दल मला काहीच ठाऊक नव्हते. मुलाला ते समजल्यापासून तो मानवी मनोऱ्यांची चित्रे पाहत बसला आहे, त्यामुळे सासऱ्यांनीच एक दिवस आधी निघण्याचा कौल दिला. विमानाची तारीख थोडी रक्कम भरून बदलता येते, म्हणजे आता २३ आणि २४ अशा दोन रात्री मिळतील. एशाम्प्लात विद्यापीठ चौकाच्या वरच्या बाजूला दोन हॉटेले निवडली आहेत आणि दोघांनाही पायऱ्यांबद्दल लिहिले आहे.

दोन शंका उरतात. पाच जण आणि चार बॅगा एका टॅक्सीत मावतील का? आणि खोली अकरा वाजता सोडायची आहे, पण जहाजावर चढण्याची आमची वेळ दुपारी दोनची आहे, तर मधल्या वेळेत ज्येष्ठांनी थांबायचे कोठे?

मंदगती

नेहमीची काळी-पिवळी टॅक्सी चार प्रवाशांची असते. पाच ते आठ जणांसाठी मोठी टॅक्सी मिळते, तिला थोडा जादा आकार पडतो. ती रस्त्यावर हात दाखवून मिळण्याची वाट पाहू नये, हॉटेलाला आदल्या दिवशी सांगून ठेवावी. क्रूझच्या धक्क्यासाठीही मीटरवर वेगळा आकार लागतो, तेव्हा शेवटची रक्कम मीटरपेक्षा जास्त दिसली तर ती फसवणूक समजू नये. दोन साध्या टॅक्सी करणार असाल तर दोन्ही चालकांना टर्मिनलचे अक्षर (त्यांना ए, बी, सी अशी नावे आहेत) कागदावर लिहून द्यावे. आदोसातवर टर्मिनले ओळीने आहेत, आणि अर्धे कुटुंब एका टर्मिनलला तर अर्धे दुसऱ्याला उतरले तर मोठीच पंचाईत होईल.

बॅगा खोली सोडल्यानंतर हॉटेल सांभाळते, मात्र ज्येष्ठांना टेकायला जागा हवी म्हणून खालच्या मजल्यावर बसण्याची मोठी खोली आहे का हे पाहावे. ओस्तालात ती बहुधा नसते. खोली उशिरा सोडण्याची सवलत आधी विचारली तर कधी फुकट, कधी थोड्या पैशांत मिळते. औषधे, पासपोर्ट आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत ठेवावेत, कारण जहाजाच्या चिठ्ठ्या लावलेल्या मोठ्या बॅगा टर्मिनलच्या दारातच घेतल्या जातात आणि केबिनपर्यंत यायला त्यांना संध्याकाळ होऊ शकते.

नकाशेवाला

एक लहानशी भर. बार्सिलोनात माणशी, दर रात्रीचा पर्यटन कर हॉटेलात वेगळा भरावा लागतो आणि तो आरक्षणाच्या रकमेत बहुधा धरलेला नसतो. सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना तो माफ आहे, म्हणून चार जणांचाच हिशेब धरावा.

विमानतळालगतच्या हॉटेलाचा प्रश्न अनुत्तरित राहिला होता. मध्यरात्री उतरणाऱ्यांसाठी तो पर्याय वाईट नाही, कारण विमानतळ ते आदोसात धक्का या टॅक्सी प्रवासाला ठरावीक भाडे आहे. दोन रात्री हाताशी असताना मात्र तेथे राहण्यात अर्थ नाही. परतीच्या दिवशी जहाजावरून थेट विमानतळ गाठायचा असेल तेव्हा हेच ठरावीक भाडे उपयोगी पडेल. त्या सकाळी टर्मिनलबाहेर टॅक्सीची रांग लांब असते, तेव्हा दुपारनंतरचेच विमान घ्यावे.