शिकाऊ विमानांत टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं हवं की नको?

पर्वतीकर
भाचा बारामतीला फ्लाइंग शिकतोय, आता सोलोला, म्हणजे एकट्यानं उडवायला, सोडतील. जुलै २०२५ मध्ये कॅनडात, मॅनिटोबातल्या स्टाइनबाखजवळ, उतरण्याचा सराव करणारी दोन शिकाऊ सेसना विमानं हवेत एकमेकांवर आदळली. दोन्हींत एकेकटा विद्यार्थी, दोन्हींत रेडिओ. दोघंही गेले, त्यातला एक आपल्या केरळचा. १९९६ साली चरखी दादरीवर दोन मोठी विमानं धडकून ३४९ माणसं गेली, त्यानंतर आपल्याकडे प्रवासी विमानांना टीकॅस, म्हणजे टक्कर टाळणारं यंत्र, सक्तीचं झालं. मग शिकणाऱ्या पोरांनीच कुणाचं घोडं मारलंय? माझं मत स्पष्ट आहे : एडीएस-बी इन, म्हणजे आजूबाजूची विमानं दाखवून कानात ओरडणारं यंत्र, असल्याशिवाय सोलो नको.

जुना_सीएफआय
साफ असहमत. अशा टकरी ढगांत कमी आणि लख्ख उन्हात, धावपट्टीजवळ, फायनलला (उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) जास्त होतात. तिथं नजर बाहेर हवी. पडदा दिला की पोरगं पडद्यातच बघत बसतं. वळण्याआधी विद्यार्थ्याला 'लेफ्ट क्लिअर' (डावीकडे मोकळं आहे) म्हणायला लावतो तेव्हा मी कान देत नाही, मान बघतो. पुष्कळांचं तोंड तेवढं बोलतं, मान जागची हलत नाही. शिवाय सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीत, चार विमानं जवळजवळच असणार, यंत्र नुसतं कोकलत राहील.

बाणेरची_मेघा
सर, मान वळली तरी दिसायला हवं ना! ज्या विमानाशी टक्कर व्हायची ते काचेवर सरकतच नाही. एका जागी ठिपका असतो आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम मोठा होतो. अमेरिकेच्या एफएएचा जुना हिशेब आहे : दिसण्यापासून विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत १२.५ सेकंद. ९० नॉटनी (ताशी सुमारे १६७ किमी) समोरासमोर येणारी दोन विमानं तेवढ्यात जवळजवळ १२०० मीटर अंतर संपवतात. त्यात सेसनाचा पंख डोक्यावर. बेसवरून, म्हणजे फायनलच्या आधीच्या आडव्या टप्प्यावरून, फायनलला वळताना आतला पंख झुकतो आणि जिकडे वळायचं नेमकं तिकडचंच झाकतो. पायपर या दुसऱ्या लहान विमानाचा पंख खाली, त्याला खालचं दिसत नाही. सेसना खाली आणि पायपर वर असेल तर दोघांनी कितीही माना वळवा.
फेब्रुवारी २०२०, ऑस्ट्रेलियातलं मँगलोर : प्रशिक्षणाच्या उड्डाणावरची दोन विमानं धडकली, चौघं गेले. दोन्ही विमानं स्वतःची जागा प्रसारित करत होती, पण एकमेकांचं पकडायला कॉकपिटमध्ये काही नव्हतं.

थर्मल_हडपसर
ग्लायडरवाला बोलतोय. एका थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, पाचसहा जण घिरट्या घालतात. पहिला ज्या दिशेनं फिरतो त्याच दिशेनं बाकीच्यांनी फिरायचं, हा नियम. तरी युरोपातल्या ग्लायडरवाल्यांनी २००४ पासून फ्लार्म हे टकरीचा इशारा देणारं यंत्र बसवायला घेतलं. ते नुसतं अंतर मोजत नाही, दोघांचा पुढचा मार्ग काढतं आणि धोका वाटला तरच ओरडतं. म्हणजे कोकलण्यावर उपाय आहे. खोट एवढीच की समोरच्याकडेही यंत्र लागतं. एकानंच बसवून उपयोग शून्य.

जुना_सीएफआय
ऑगस्ट २०२२, कॅलिफोर्नियातलं वॉटसनव्हिल वाचा. लहान सेसना १५२ सर्किटमध्ये, मागून मोठं सेसना ३४० सुसाट थेट फायनलला. रेडिओवर दोघंही आपापली जागा सांगत होते, तरी तिघं मेले. माहिती होती, वेग आवरला नाही. यंत्र आणखी माहितीच देणार ना? त्यापेक्षा सर्किटमध्ये एका वेळी किती विमानं सोडायची त्यावर मर्यादा घाला. फुकट होतं.

दोन_पोरांचा_बाप
फुकट कसलं? रांग वाढली की कोर्स लांबतो. सीपीएलचे (व्यावसायिक वैमानिक परवान्याचे) २०० तास भरेपर्यंत खोलीभाडं, मेस आम्हीच देतो. यंत्राचे पैसेही फीमध्येच येणार म्हणा.

पर्वतीकर
मर्यादेचं मान्य. पण सोलोला शेजारी तुम्ही नसता. मान वळली का, हे कोण बघणार?

जुना_सीएफआय
ते बघूनच सोलोला सोडतात, साहेब.