नववीच्या मुलीचं 'वर्षाचं ध्येय': सहभाग, सेवा, यश या चौकोनात लिहायचं काय?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. लेक यंदा नववीत गेलीये, सांगलीजवळची अनुदानित शाळा, सेमी इंग्लिश. वर्गशिक्षिका बाईंनी सगळ्यांना एक कागद दिलाय, वर 'माझे वर्षाचे ध्येय' आणि खाली तीन चौकोन, सहभाग, सेवा, यश. पालकांची सही घेऊन सोमवारपर्यंत द्यायचाय.

तिने यशाच्या चौकोनात दोन सेकंदात ९५% लिहून टाकलं (आत्तापर्यंत ८०-८२ च्या आसपास असते, गणितात अडते). सहभागात लिहिलं स्नेहसंमेलन, वक्तृत्व, निबंध, चित्रकला, खो-खो, विज्ञान प्रदर्शन, म्हणजे नोटीस बोर्डावर जे जे लागतं ते सगळंच. आणि सेवेचा चौकोन मोकळा. म्हणते आई सगळ्यांनी 'झाडे लावीन' लिहिलंय मी पण तेच लिहू का.

हे म्हणतात नववी-दहावी दोन वर्षं बाकीचं सगळं बंद, सही करतो पण हे खूळ कशाला. मला तसं वाटत नाही पण उलट बोलायला माझ्याकडे मुद्देही नाहीत. तर विचारायचं असं की,

चित्रकलेची एलिमेंटरी (सरकारी परीक्षा, पुढची इंटरमिजिएट) आठवीत झालीये, बी ग्रेड. इंटरमिजिएट यंदा द्यावी की दहावीत? त्याचे दहावीला खरंच मार्क मिळतात का?

शाळेत एनसीसी नाही, गाईड (मुलींचं स्काऊट) आहे. त्यात घालावं का, वेळ किती जातो?

आणि सेवेत नेमकं काय लिहावं जे ती खरंच करेल? नुसतं बाईंना दाखवायला नको.

खडूफळा

ताई, मी माध्यमिकला गणित शिकवतो त्यामुळे आधी त्या ९५ बद्दल. दरवर्षी असे गठ्ठेच्या गठ्ठे कागद माझ्या टेबलावर येतात आणि निम्म्या वर्गाचं ध्येय ९५% असतं, उरलेल्यांचं ९०. त्यात चूक काही नाही पण तो आकडा पोरीच्या हातात नाही, पेपर कसा निघतो, तपासणारा कोण, त्या दिवशी ताप आला तर, यातलं काहीच तिच्या हातात नाही. तिच्या हातात काय आहे ते लिहायला लावा. उदा. गणित भाग १ आणि २ मधले सगळे प्रॅक्टिस सेट आणि प्रत्येक धड्याच्या शेवटचा प्रॉब्लेम सेट स्वतःच्या हाताने सोडवणार, बाजारातल्या गाईडच्या पुस्तकातलं उत्तर न बघता, आणि अडलेलं गणित दुसऱ्या दिवशी सरांना किंवा बाईंना विचारणार. हे एवढंच. दिसायला किरकोळ वाटतं, पण नववीचं बहुपदी आणि दोन चलांतली समीकरणं कच्ची राहिली की दहावीला वर्गसमीकरणात पोरं गटांगळ्या खातात, आणि भूमितीत नववीचा त्रिकोण नीट नसेल तर दहावीचा समरूपतेचा धडा डोक्यावरून जातो. दहावीला गणिताचे ४०-४० चे दोन पेपर आणि २० अंतर्गत. ८२ वरून वर जायचा रस्ता नववीच्या पुस्तकातूनच जातो, क्लासच्या जाहिरातीतून नाही.

आकडा लिहायचाच असेल तर लिहू दे, पण फक्त गणितापुरता, आणि मागच्या परीक्षेपेक्षा ५-६ ने जास्त.

इंटरमिजिएट यंदाच द्या. दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात, ए ग्रेडला ७, बी ला ५, सी ला ३. एलिमेंटरी पास झाल्याशिवाय इंटरमिजिएटला बसता येत नाही, ते तुमचं झालंय त्यामुळे दहावीवर ढकलायचं कारणच नाही. दहावीच्या ऐन वर्षात स्थिरचित्र आणि घनभूमितीचा सराव कोण करणार. एक मात्र लक्षात ठेवा, हे गुण आपोआप पडत नाहीत, शाळेला मुदतीत बोर्डाकडे प्रस्ताव पाठवावा लागतो, तेव्हा प्रमाणपत्र जपून ठेवा आणि दहावीत दिवाळीनंतर स्वतः जाऊन चौकशी करा. खेळाचं आणि शास्त्रीय गायन-नृत्याचं पण असंच आहे, वेगवेगळ्या पातळीला वेगवेगळे गुण.

हिशोबी

मी साहेबांच्या बाजूने बोलतो, कोणीतरी बोलायला पाहिजे 😀 अकरावीचा प्रवेश ऑनलाईन, आता अख्ख्या राज्यात, आणि तो बघतो काय तर दहावीचे बेस्ट ऑफ फाईव्ह, म्हणजे सगळ्यात जास्त गुणांचे पाच विषय. तिथे तुमचं वक्तृत्व कोणी विचारत नाही. ज्यांना चांगलं कॉलेज पाहिजे त्यांच्यासाठी अर्धा टक्का पण महत्त्वाचा असतो. त्यामुळे वडील म्हणतात ते खूळ नाही.

पण त्याच हिशोबाने बघितलं तर इंटरमिजिएटचे ५-७ गुण म्हणजे ५०० पैकी एक टक्का किंवा त्याच्या वर झाले ना. दरवर्षी १००% वाल्यांच्या बातम्या येतात त्यात बऱ्याच जणांचे कला-क्रीडाचे गुण धरलेले असतात. म्हणजे 'बाकी सगळं बंद' हा हिशोबसुद्धा तोट्याचाच. त्यांना एवढंच सांगा, बाकी भाषण नको.

सहभागाच्या चौकोनात मात्र सहातल्या पाच गोष्टींवर काट मारा.

तांबडा स्कार्फ

गाईड बद्दल मी सांगते, शाळेत होते आणि आता गाईड कॅप्टन आहे. लोकांना वाटतं गणवेश घालून २६ जानेवारीला संचलन करायचं की झालं गाईड. असं नाहीये हो. प्रवेश, मग प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार, त्याच्या पुढे राष्ट्रपती पुरस्कार, अशी चढत जायची रांग आहे आणि प्रत्येक टप्प्याला ठरलेले महिने जावे लागतात, उडी मारता येत नाही. बऱ्याच पालकांचा पहिला प्रश्न असतो राज्य पुरस्काराचं सर्टिफिकेट कधी मिळेल. नववीत प्रवेश घेऊन ते एका वर्षात होत नाही, ज्या मुली पाचवी-सहावीपासून येतात त्यांचं आठवी-नववीत होतं. त्यामुळे तुमच्या लेकीने सर्टिफिकेटसाठी येऊ नये, आली तर गाठी, प्रथमोपचार, नकाशा वाचणं, तंबू, स्वतःच्या हाताने चूल पेटवून भात करणं यासाठी यावं. ध्येय लिहायचं तर 'प्रथम सोपान पूर्ण करणार, द्वितीयची तयारी सुरू करणार' एवढंच, ते होण्यासारखं आहे.

वेळ म्हणाल तर आमच्याकडे आठवड्याला एक तासिका आणि वर्षातून एखादा मुक्कामी कॅम्प. अभ्यास बुडत नाही, बुडतो तो रात्री मोबाईलवर.

आणि एक विचारते, तिला स्वतःला यायचंय का गाईडमध्ये? तुमच्या पोस्टमध्ये ते कुठे दिसलं नाही.

पटापटा_बोल

मी एसवायला (कॉलेजचं दुसरं वर्ष) आहे, एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) मध्ये दोन वर्षं काढली. सेवेबद्दल थोडं कडू बोलतो, राग मानू नका.

एनएसएस मध्ये वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. कागदावर मस्त वाटतं ना? आमच्याकडे काय व्हायचं तर ग्राउंडवर बॅनर धरून उभं राहायचं, फोटो, मग झाडू हातात घेऊन परत फोटो, आणि डायरीत चार तास. झाडं तर विचारूच नका, जूनमध्ये लावलेली एप्रिलमध्ये दोनच दिसायची, तीही शिपाईकाकांनी पाणी घातलं म्हणून. शिबिरात मात्र खरं काम झालं, गावात बंधारा घातला, हाताला फोड आले आणि रात्री गावातली माणसं गप्पा मारायला यायची ते आवडलं खूप. म्हणजे योजना वाईट नाही, फक्त तास मोजायला लागलं की सगळे तासच भरतात.

तर माझं मत, सेवेत तास लिहू नका आणि 'समाजसेवा करीन' असलं तर अजिबातच नको. कोणासाठी करणार त्या माणसाचं नाव लिहा. नाव सुचत नसेल तर चौकोन मोकळा ठेवा, बाई काय मारणार आहेत का.

पोटोमॅकपार

इकडून अमेरिकेतल्या मेरीलँडमधून लिहितेय. वरच्या दादांशी अर्धी सहमत. आमच्या राज्यात सरकारी हायस्कूलमधून पास व्हायचं तर सेवा सक्तीची आहे, आमच्या काउंटीत ७५ तास, त्याशिवाय डिप्लोमा नाही. मिडल स्कूलपासूनच मोजायला सुरुवात होते. पहिल्यांदा मलाही हसू आलं होतं, सक्तीची कसली सेवा. पण त्यात एक गोष्ट बरी आहे, नुसते तास चालत नाहीत, तीन भाग असतात, आधी तयारी (काम कशाचं, गरज कोणाला), मग प्रत्यक्ष काम, आणि शेवटी पोराने स्वतः लिहायचं की काय केलं आणि काय कळलं. स्वतःच्या घरच्यांसाठी केलेलं धरत नाहीत, पैसे घेतलेलं धरत नाहीत. तरीही मे महिन्यात तास भरायला धावपळ करणारी पोरं असतातच, माणसं सगळीकडे सारखी.

माझा मुलगा रविवारच्या मराठी शाळेत छोट्यांच्या वर्गाला मदतनीस म्हणून जायचा. सुरुवातीला तासांसाठी. मग त्यातली एक चिमुरडी ळ म्हणायला शिकली तेव्हा घरी येऊन त्याने तेच तीनदा सांगितलं, त्यानंतर तासांचा फॉर्म मीच आठवण करून भरून घ्यायचे.

आणि 'सहा गोष्टीत सहभाग' बद्दल. इथे कॉलेजच्या अर्जात उपक्रमांसाठी दहाच रकाने असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं, तरी पालक नववीपासून दहाच्या दहा भरायच्या मागे. इथल्या आपल्या लोकांच्या पार्ट्यांत दुसरा विषय नसतो, कोणाचा रोबोटिक्स कोणाचा डिबेट. जी पोरं दोन गोष्टी चार वर्षं धरून ठेवतात त्यांना निदान बोलायला काहीतरी असतं. तुमच्याकडे प्रवेशाला हे कोणी विचारत नाही हे मला तर सुखच वाटतं, लेकीला जे आवडतं ते ती नुसतं आवडतं म्हणून करू शकते.

झेडपीवाला

ताई, सेवेसाठी एक सुचवतो, बघा पटतं का. 'उल्लास' म्हणून केंद्राचा साक्षरता कार्यक्रम आहे, २०२२ ते २७ असा, १५ वर्षांच्या वरच्या ज्यांना लिहिता वाचता येत नाही त्यांच्यासाठी. शिकवणारे सगळे स्वयंसेवक, मानधन नाही. शेवटी परीक्षा असते १५० गुणांची, वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०, आमच्याकडे मार्चमध्ये होते आणि केंद्र म्हणजे आपली नेहमीचीच शाळा. आमच्या गावात नोंदणी झाली तेव्हा खरी अडचण शिकवणाऱ्यांची नव्हतीच, म्हाताऱ्या बायका यायला लाजायच्या. मास्तर समोर आला की पदर तोंडावर. मग शेजारच्या, भावकीतल्या आठवी-नववीच्या पोरी दुपारी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसायला लागल्या तेव्हा जमलं. पुस्तक नंतर, आधी एसटीची पाटी, रेशनचं कार्ड, मोबाईलमधलं लेकाचं नाव, बचत गटाच्या वहीतला स्वतःचा आकडा. परीक्षेच्या दिवशी नातवंडं आज्यांना सोडायला आली होती, काही आज्या तर पेपर लिहून झाल्यावर शेजारणीचा बघायला लागल्या, त्यांना ओरडायचं कसं हेच आम्हाला कळेना.

तर तुमच्या लेकीचं ध्येय असं होऊ शकतं की एक बाई, मार्चपर्यंत, परीक्षेला बसवायची. दादा म्हणतात तसं नाव असलेलं माणूस झालं, तारीख पण ठरली. शाळेत उल्लासचं काम कोणत्या शिक्षकांकडे आहे ते मुख्याध्यापकांना विचारा. नोंदणी त्यांच्यामार्फत करा, म्हणजे पुस्तिका पण मिळेल.

हिशोबी

झेडपी सरांचं आवडलं. फक्त आठवड्याचे दिवस आधीच ठरवा, नाहीतर सहामाहीच्या वेळी सगळं बंद पडेल आणि त्या बाई बिचाऱ्या वाट बघत बसतील. परीक्षेच्या पंधरवड्यात सुट्टी घेणार हे त्यांना आधीच सांगून ठेवायचं.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री तिला बसवून सगळे प्रतिसाद वाचायला दिले, मी काहीच बोलले नाही.

स्कार्फताई, तुमचा प्रश्न तिला विचारला तर म्हणाली नको, मला गाईड नकोय, कवायत आवडत नाही, मैत्रीण जाते म्हणून मी हो म्हणत होते. मग तो विषय संपला. सहभागात आता फक्त इंटरमिजिएट आणि खो-खो. वक्तृत्व खोडताना जरा रेंगाळली, पण खोडलं.

यशात तिने लिहिलंय 'गणिताचे सगळे प्रॅक्टिस सेट मी सोडवणार, अडलं तर त्याच आठवड्यात विचारणार.' खडूफळा सर, तुम्ही दुसऱ्या दिवशी म्हणाला होता तिने आठवडा केला, म्हणते गणिताच्या सरांची भीती वाटते, थोडा वेळ लागतो. ९५ मात्र खोडायला तयार नाही, कोपऱ्यात बारीक अक्षरात ठेवलाय. राहू दे म्हटलं.

सेवेत आमच्या मागच्या गल्लीतल्या मावशी, भाजी विकतात, हिशोब तोंडी एकदम पक्का पण आकडे लिहिता येत नाहीत. तीच स्वतः जाऊन विचारून आली. त्या म्हणाल्या परीक्षा-बिरीक्षा मी देणार नाही, पण ये शिकवायला. मंगळवार आणि शनिवार संध्याकाळी, बाजार उठल्यावर. परीक्षेचं बघू पुढे.

ह्यांनी वाचून सही केली, म्हणाले इंटरमिजिएटचं ठीक आहे. एक टक्क्याचा हिशोब लागू पडला हिशोबीदादा 😀

आता एकच विचारायचं राहिलं, इंटरमिजिएटचा फॉर्म आपण बाहेरून भरायचा की शाळेतूनच? आणि बी ग्रेडचं ए व्हायला साधारण कशावर मेहनत घ्यावी?

खडूफळा

आठवडा चालेल, आणि सरांना भ्यायचं नाही म्हणावं, आम्हाला प्रश्न विचारणारी पोरं कमीच भेटतात.

फॉर्म शाळेतूनच, कलाशिक्षकांना या आठवड्यातच भेटा, एलिमेंटरीचं प्रमाणपत्र बरोबर न्या. मेहनतीचं म्हणाल तर चित्रकला माझा विषय नाही, पण आमचे कलाशिक्षक कायम ओरडत असतात की पोरं रंगकाम छान करतात आणि भूमिती-अक्षरलेखनाच्या पेपरात गुण घालवतात, कारण तो पेपर कोणी घरी सोडवूनच बघत नाही. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका त्यांच्याकडेच मिळतील, मागून घ्या.